मनमिळाऊ पाय

माणूस लोकप्रिय व्हायला काय लागतं असं मला कोणी विचारलं, तर मी सांगीन, डाव्या पायातली एक रक्तवाहिनी तुंबलेली असावी लागते. हसू नका. आमच्या ह्यांचं तसंच झालं. जन्मभर ज्या माणसानं कामाशिवाय कुणाशी चार शब्द बोलायचे कष्ट घेतले नाहीत, तो रिटायर झाल्यावर अख्ख्या गावाचा लाडका झाला आणि पुढं दूध संस्थेचा संचालकही झाला.

आमचं गाव कोडोलीच्या पुढं, वारणेच्या अंगाला. हे एका साखर कारखान्यात फिटर होते, त्यामुळं गाव त्यांना अजून फिटर म्हणूनच हाक मारतं. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते, म्हणून मी बाई. आम्ही बौद्ध. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला आणि दूध संस्था वरच्या अंगाला, चावडीजवळ. मधे सगळं गाव. नोकरीत असताना हे त्या मधल्या गावातनं आधी सायकलीवरनं आणि मग मोटरसायकलीवरनं सरळ निघून जायचे. इकडं बघणं नाही, तिकडं बघणं नाही. रिटायर झाल्यावर दोन म्हशी घेतल्या, पोट सुटायला लागलं, तेव्हा मी गाडीची किल्ली काढून घेतली आणि म्हटलं, आता दूध घालायला चालत जायचं.

ह्यांचा जिवाभावाचा सोबती एकच, बिडी. कारखान्यात पाळी बदलताना जडलेली. पगार वाढल्यावर मधे काही वर्षं सिगारेट आली, पण पेन्शनवर आल्यावर माणूस परत मुळावर आला. उठल्यावर एक, चहावर एक, धार काढल्यावर एक आणि ‘आता ही शेवटची’ म्हणून एक. ती शेवटची मात्र दिवसातनं बऱ्याच वेळा व्हायची.

तर एक दिवस मधल्या सुट्टीत, वरच्या गल्लीत राहणारी एक शिक्षिका मला म्हणाली, “बाई, तुमचे मिस्टर लई मनमिळाऊ झाल्यात हो. काल आमच्या सासूबाईंची केवढी चौकशी केली!”

माझ्या हातातला डबा तसाच राहिला. ह्यांनी माझ्या सासूबाईंची, म्हणजे स्वतःच्या आईची, कधी धड चौकशी केली नव्हती. मला वाटलं, ही दुसऱ्या कुणाच्या मिस्टरांबद्दल बोलत असेल. पण मग रोजच ऐकू यायला लागलं. फिटरनं कुणाच्या म्हशीच्या कासेला काय लावायचं ते सांगितलं. कुणाची लेक पेठ वडगावला दिलीय, तिला दिवस गेलेत, ते फिटरला माहीत. तालमीच्या कट्ट्यावरच्या म्हाताऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी, तेही फिटरलाच माहीत. आणि घरात आले की पुन्हा मुके. मी विचारलं, “मला कधी विचारलंत का हो, शाळेत काय झालं?” तर म्हणाले, “काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही.” मग म्हणाले, “मग?”

रविवारी मी मागनं गेले. मुद्दामच अंतर ठेवून. हातात किटली, अंगात स्वेटर, हे झपाझप निघाले. मारुतीच्या देवळापर्यंत ठीक होतं. तिथनं पुढं पाय जरा ओढल्यासारखा पडायला लागला. किराणा दुकानाशी चेहरा आंबट झाला. त्याच्या पुढच्या दाराशी किटली खाली टेकली, बिडी काढली, दारातल्या बाईला म्हणाले, “काय वैनी, म्हशीचं कसं हाय?” वैनी बोलत राहिली आणि हे मान डोलावत राहिले. एक हात गुपचूप पोटरीवर. बिडी संपेपर्यंत चेहरा मोकळा झाला, किटली उचलली आणि निघाले. तेवढंच अंतर गेलं, की पुन्हा तोंड वाकडं, पुन्हा किटली खाली, पुन्हा कुणाच्या तरी सासूची चौकशी. मनमिळाऊ हे नव्हतेच. मनमिळाऊ त्यांचा पाय होता.

घरी आल्यावर मी विचारलं, “पोटरीत कळ येते व्हय?”

“न्हाय.”

“मग थांबता कशाला?”

“माणसं भेटत्यात. बोलू नको?”

“तुम्ही? बोलता?”

तेव्हा कुठं कबूल केलं. “जरा गोळा येतोय पोटरीत. पण त्यावर उपाय सापडलाय मला. बिडी मारली की जातोय.”

मी कपाळाला हात लावला. माणूस थांबतो, थांबल्यामुळं कळ जाते, पण थांबल्यावर हातात बिडी असते म्हणून सगळं श्रेय बिडीला! हे औषध लागू पडल्याचा आनंद इतका, की पूर्वी खिशात एक बंडल असायचं, आता दोन असायला लागली. चालायला निघताना पाण्याची बाटली नाही, बिडी. तालमीच्या कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यानं त्यावर शिक्कामोर्तब केलं होतं म्हणे. “धूर आत गेला की शीर मोकळी हुतीया, फिटर.” झालं. घरात विज्ञान शिकवणारी बायको आहे, पण सल्ला मोतीबिंदूवाल्याचा.

“अहो, डॉक्टरला दाखवू,” मी म्हटलं.

“पोटरी दुखती म्हणून डॉक्टर? कारखान्यात आमच्या पायावर गर्डर पडलाय, तवा न्हाय गेलो.”

ह्या गर्डरच्या कथेपुढं आजवर माझं काही चाललेलं नाही.

तेवढ्यात दूध संस्थेची निवडणूक लागली. संस्थेत एक जागा अनुसूचित जातीला राखीव असते. दर वेळी दोन्ही पॅनेलं त्या जागेसाठी आमच्या वस्तीतला असा माणूस शोधतात, जो सांगितलं तिथं सही करेल आणि बैठकीत चहा पिऊन गप्प बसेल. या वेळी मात्र चेअरमन स्वतः आमच्या घरी आले. लग्न होऊन मी या घरात आल्यापासनं त्यांना आमच्या उंबऱ्याच्या आत पहिल्यांदा पाहिलं. चहा घेतला, बशीत ओतून शेवटच्या थेंबापर्यंत. निवडणूक जवळ आली की सगळ्यांना आमचा चहा गोड लागतो.

“फिटर,” चेअरमन म्हणाले, “गावात मला एक माणूस दाखवा, जो म्हणतोय फिटरनं माझी चौकशी केली न्हाय. वरची गल्ली, मधली गल्ली, सगळीकडं तुमचंच नाव. असा माणूस आमच्या पॅनेलात पायजे.”

मी आतनं बाहेर आले. “चेअरमनसाहेब, ह्यांचा पाय दाखवायचाय डॉक्टरला. आधी ते होऊ द्या.”

“मतदान झालं की मी स्वतः गाडी देतो की, बाई! उमेदवार आजारी हाय असं बाहेर कळलं तर समोरचं पॅनेल बोंबलत सुटंल.”

मी ह्यांच्याकडं बघितलं. तो चेहरा मी आमच्या लग्नातसुद्धा बघितला नव्हता. जे गाव हे जन्मभर खाली मान घालून ओलांडत आले, ते गाव आज दारात येऊन म्हणत होतं, तुम्ही आम्हाला पाहिजे. त्या माणसाला मी काय सांगणार होते, की तुमची नाही, तुमच्या पोटरीची लोकप्रियता आहे ही? पण फळ्यावर लाल खडूनं रक्तवाहिन्या काढून पोरांना शिकवणारी बाई मी. थांबल्यावर जाणारी कळ म्हणजे पायाला रक्त कमी पडतंय, एवढं मला समजत होतं. आणि रक्त पोचलं नाही तर पाय जातो, हेही.

प्रचाराला म्हणून मुलगा पुण्याहून आला. कंपनीत आहे, सगळ्यातलं सगळं कळतं. त्याला मी बाजूला घेऊन पायाचं सांगितलं, तर म्हणाला, “आई, बिडीमुळंच. मी वाचलंय. पण मी सोय केलीय.” आणि खिशातनं पेनासारखं एक यंत्र काढलं. ओढलं की टोकाला दिवा लागतो. “बाबा, हे ओढा. ह्यात तंबाखू नाही, धूर नाही. नुसती वाफ. आंब्याचा फ्लेवर आहे.”

ह्या वस्तूला आपल्या देशात बंदी आहे. त्यामुळं ती मिळवायला जरा जास्त हुशारी लागते, आणि आमचा मुलगा हुशार.

बापाला ते पेन फारच आवडलं. उमेदवाराच्या हातात बिडी शोभत नव्हती, पेन शोभायचं. दोघांनी जाहीर करून टाकलं की बिडी सुटली. आणि खरंच सुटली! पण बिडीला निदान बाहेर जावं लागायचं, काडी लागायची, ती विझायची. वाफ कुठंही चालते म्हटल्यावर हे ती अंथरुणात, न्हाणीत, जेवताना ओढायला लागले. भर थंडीत आमच्या घराला हापूसचा वास. शेजारच्या पोरी डोकावून जायला लागल्या, आंबा आणलाय का म्हणून. धार काढताना एकदा हे वाफ सोडत बसले, तर म्हशीनं पान्हा चोरला. दोन म्हशींमधली ती एक तरी शहाणी निघाली. चेअरमननी एकदा मागून घेऊन झुरका मारला आणि खोकत खोकत म्हणाले, “झकास हाय. आरोग्याला चांगलं दिसतंय.”

आणि पोटरीतली कळ? ती आता देवळाच्याही अलीकडं यायला लागली होती.

अर्ज भरायला जायचं म्हणून ह्यांनी कोल्हापूरहून करकर वाजणारी नवी पायताणं आणली. मी म्हटलं, आधी एरंडेल पाजा, चार दिवस घरात वापरा. कोण ऐकतंय. डाव्या पायाच्या करंगळीला चावली. एवढीशी जखम. पूर्वी अशा जखमा ह्यांच्या अंगावर उगवायच्या आणि मावळायच्या, पत्ता लागायचा नाही. ही मात्र तशीच राहिली.

प्रचारफेरी सुरू झाली. पुढं हलगी, मागं चेअरमन, मागं पॅनेल, आणि सगळ्यांच्या मागं हे. पॅनेल झपझप पुढं जायचं आणि हे दर चार घरांनी उभे. लोक म्हणायला लागले, “बघा, पुढारी हात जोडून पळत्यात. फिटर बघा कसा थांबून बोलतोय.” समोरच्या पॅनेलनं हे बघितलं आणि त्यांच्या उमेदवारालाही सांगितलं, दारोदार थांब. तो बिचारा थांबायचा, पण काय बोलावं कळायचं नाही. दुखत नसताना दुसऱ्याच्या म्हशीची चौकशी करणं अवघड असतं.

एका सकाळी ह्यांच्या पायाला मी कोमट पाणी घातलं आणि हात थबकला. उजवा पाय गरम, डावा गार. आणि करंगळी निळसर-काळी. मी घोट्यापाशी, पायाच्या वरच्या बाजूला बोटं ठेवून नाडी शोधली. उजव्याला लागली. डाव्याला नाही. पुन्हा शोधली. नाही.

“आजच्या आज कोल्हापूर,” मी म्हटलं.

“मतदान झालं की.”

“पाय जाईल हो!”

“अगं, एक एवढीशी करंगळी. मतदान झालं की तू म्हणशील त्या दवाखान्यात येतो. एकदा निवडून येऊ दे मला. एकदाच.”

असं हे कधी माझ्याकडं काही मागत नाहीत. म्हणून मला आणखी रडू आलं आणि आणखी राग आला. मी तशीच चेअरमनकडं गेले. ते म्हणाले, “बाई, हळद लावा. आमच्या आजीचा अंगठा असाच झालता.”

“मग?”

“मग म्हातारी गेली. पण ते वयानं.”

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्या संध्याकाळी चावडीपुढं पॅनेलची शेवटची सभा होती. चेअरमन बोलून बसले आणि मी उठून माईक घेतला. शाळेतल्या बाईला माईक घेताना कुणी अडवत नाही, सगळ्यांना वाटतं आता सूचना येणार. मी म्हटलं, “ऐका. हा माणूस तुमची चौकशी करायला थांबत नव्हता. ह्यांच्या पायात कळ येते म्हणून थांबायचे. बिडीनं पायाची रक्तवाहिनी बंद झालीय आणि बोट काळं पडलंय. उद्या पाय कापायची वेळ येईल. ह्यांना मत देऊ नका. ह्यांना दवाखान्यात जाऊ द्या.”

हे खाली मान घालून बसलेले. मला वाटलं, संपलं, आता हे जन्मात माझ्याशी बोलणार नाहीत. तेवढ्यात चेअरमन उठले, माझ्या हातातनं माईक घेतला आणि कातर आवाजात म्हणाले, “बांधवांनो! पायात रक्त राहिलं न्हाय, तरी हा माणूस तुमच्या दारात आला!”

टाळ्या थांबेनात. बायका डोळ्याला पदर लावायला लागल्या. मी उभी तिथंच, तोंड उघडं टाकून. या गावात खरं बोलून काही उपयोग नसतो, ते लगेच प्रचारात वापरतात.

एक मात्र झालं. आता लपवायला काही राहिलं नव्हतं. मी ह्यांना उठवलं, मुलानं गाडी लावली आणि आम्ही थेट कोल्हापूर गाठलं. वाटेत हे एवढंच म्हणाले, “माझी गावात इज्जत घालवलीस.” मी म्हटलं, “पाय राहिला तर परत मिळवा.”

रक्तवाहिन्यांच्या डॉक्टर बाई तरुण होत्या, पण बोलणं आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेसारखं. त्यांनी पायावर जेल लावून एक छोटं यंत्र टेकवलं. उजव्या पायात घुस्स-घुस्स आवाज आला. डाव्या पायात काहीच नाही. मग दंडाचा दाब घेतला, घोट्याचा घेतला, आणि विचारलं, “चालताना कळ आली की काय करता?”

“बिडी ओढतो,” हे म्हणाले. “लगीच जाती.”

डॉक्टर बाईंनी लिहिणं थांबवलं. “आजोबा, कळ जाते ती थांबल्यामुळं. परत येते ती बिडीमुळं.”

पण हे फिटर. “मॅडम, आमच्या कारखान्यात रस आटवायच्या नळ्यांना आतनं खर धरतोय, क्षाराचा टणक थर. आम्ही ब्रशनं घासून काढायचो, की नळी नव्यासारखी. तसं घासून द्या.”

“तुमची लोखंडाची नळी धूर गेला म्हणून आकसते का?”

“न्हाय.”

“ही आकसते. प्रत्येक झुरक्याला. निकोटीन रक्तात गेलं की ही जिवंत नळी आवळते. आतलं मऊ अस्तर असतं, ते धुरानं खरबरीत होतं. मग त्याला चरबी चिकटते, रक्ताच्या गाठी धरतात. तिथं तुम्ही खर घासून काढत होता. इथं तुम्हीच रोज आत खर सोडत होता.”

कारखान्याच्या भाषेत सांगितल्यावर ह्यांनी मान डोलावली. तेव्हा मुलगा पुढं सरसावला. “पण डॉक्टर, बाबांनी बिडी कधीच सोडलीय. आता फक्त वाफ. त्यात धूर नसतो.”

“निकोटीन असतं?”

“असतं. थोडं.”

“मग रक्तवाहिनीला काय कळतंय, ते बिडीतनं आलं का आंब्यातनं? वाफेनंही अस्तराला त्रास होतोच, नळी आवळतेच. आणि थोडं म्हणता ते दिवसभर चालू असणार.” मग त्याच्याकडं नीट बघून विचारलं, “तुम्ही कधीपासनं ओढताय?”

मुलाचं तोंड बघण्यासारखं झालं. बापाला औषध म्हणून दिलेलं यंत्र त्याच्या स्वतःच्या खिशात आधीपासनं होतं, हे मला तिथं, त्या टेबलापाशी कळलं. हॉस्पिटलात ओरडायचं नसतं म्हणून मी ओरडले नाही. ते वाफेचं पेन त्यानं नंतर टाकून दिलं म्हणतो. मी अजून दर फोनला विचारते आणि तो अजून दर फोनला चिडतो.

रक्तवाहिनीत फुगा घालून ती उघडली. पाय वाचला. करंगळी नाही वाचली. डॉक्टर बाई म्हणाल्या, दोन आठवडे आधी आला असता तर तीही वाचली असती. मतदान झालं तेव्हा हे वॉर्डात होते. चेअरमनचा फोन आला, “फिटर, सगळ्यात जास्त मतं तुम्हाला!” मागं हलगीचा आवाज येत होता. हे फोन कानाला लावून पट्टी बांधलेल्या पायाकडं बघत होते. हसत होते आणि रडत होते. मी फोन घेतला आणि चेअरमनना म्हटलं, “करंगळीचं श्रद्धांजलीचं भाषण तेवढं तुम्ही करा.” त्यांना तो विनोद वाटला.

घरी सोडताना डॉक्टर बाईंनी सांगितलं, “तंबाखू कुठल्याच रूपात नाही. आणि रोज चालायचं. कळ आली की थांबायचं, गेली की परत चालायचं.”

“म्हणजे मी करत हुतो तेच?”

“तेच. बिडी सोडून.”

बिडी सोडून! बोलायला सोपं. पहिले काही आठवडे घरात म्हशींनाही धड वैरण मिळत नव्हती, सगळ्यांवर खेकसणं. बडीशेप खाल्ली, लवंग चघळली, माझ्या खडूचा डबा लाथाडला. एकदा रात्रीच्या जेवणाला ताट भिरकावलं आणि मग स्वतःच ते गोळा करत बसले. मला फक्त त्यांच्या पायाला हात लावून बघायचं असायचं. झोपेत लावायचे. गरम लागला की मी झोपायचे.

हळूहळू थांबे लांबले. देवळाचा थांबा गेला, किराणा दुकानाचा गेला. आणि एक दिवस हे खालच्या वस्तीपासनं संस्थेपर्यंत एकदाही न थांबता गेले. घरी आले ते मैदान मारून आल्यासारखे. “न्हाय आली. कळ न्हाय आली!” मी भांडी तशीच टाकून, भर दारात ह्यांच्या गळ्यात पडून रडले. शेजारीण बघत होती. बघू दे म्हटलं.

आठवडाही गेला नाही. मधल्या सुट्टीत तीच शिक्षिका म्हणाली, “बाई, राग मानू नका. पण संचालक झाल्यापासनं मिस्टरांना गर्व चढलाय असं गावात म्हणत्यात. थांबत न्हाईत की बोलत न्हाईत. सरळ चालत जातात.”

मग चेअरमनच आले. या वेळी उंबऱ्याबाहेरनंच बोलले. “फिटर, जरा थांबत जावा. मतदार नाराज हायत. पाय बरा झाला, आनंद हाय. पण एवढा बरा कशाला?”

मी हसून हसून बेजार झाले. हे हसले नाहीत. त्या रात्री जेवलेही नीट नाहीत. मला वाटलं, राग आला असेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दूध घालून हे आलेच नाहीत. अंधार पडायच्या आत मी शोधायला निघाले. वरच्या गल्लीत, एका भिंतीला पाठ टेकून उभे होते. रिकामी किटली खाली. आणि हातात बिडी.

माझं टाळकंच सरकलं. “लाज वाटत न्हाय? एक बोट दिलंत, आता पाय द्यायचाय? मी तुमच्या पायाला हात लावून झोपते हो रोज!”

“वरडू नको. पेटवली न्हाय. नुसती धरलीया.”

“कशाला धरलीय?”

हे खालच्या आवाजात म्हणाले, “खालच्या वस्तीतला मी, मोकळ्या हातानं हितं उभा राहिलो की लोक इचारत्यात, काय काम काढलं फिटर? जन्मभर ह्या गल्लीत मी कामाशिवाय कधी उभा राहिलो न्हाय. कळ यायची तवा थांबायला कारण हुतं. बिडी पेटवायची म्हटलं की कुणीतरी काडी द्यायचं, दोन शब्द बोलायचं. आता पाय बरा हाय. आता काय म्हणून थांबू?”

माझ्या तोंडात आलेल्या शिव्या तिथंच विरल्या. इतकी वर्षं मी समजत होते, ह्यांना माणसांची आवड नाही. आवड होती. नुसतं उभं राहायची सोय नव्हती. मी त्यांच्या बोटांतनं बिडी काढली, चुरगाळली आणि गटारीत टाकली.

दुसऱ्या दिवसापासनं दूध घालायला मीही बरोबर जायला लागले. वरच्या गल्लीत शिरलं, की चौथ्या दारात मी कंबरेत वाकते आणि मोठ्यानं म्हणते, “आई गं! थांबा हो जरा, गुडघा धरला माझा!” आतनं बाई धावत येते. पाट टाकते, पाण्याचा तांब्या देते, बसा म्हणते. मी विव्हळत बसते. हे किटली खाली ठेवतात आणि मोकळ्या हातानं उभे राहतात. “म्हशीचं कसं हाय, वैनी?” विचारतात. आणि वैनी सांगत सुटते.

माझे गुडघे ठणठणीत आहेत. शाळेचा जिना मी अजून दोन-दोन पायऱ्या गाळून चढते. पण या गल्लीत माझा गुडघा रोज दुखणार, आणि काहीही कारण नसताना इथं उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याला ‘काय काम काढलं’ असं विचारायचं जोवर कुणी सोडत नाही, तोवर हा गुडघा बरा व्हायचा नाही.